पाय नसलेला फ्यूग

लिंडेरोडा, १४ नोव्हेंबर १७४३

वालेंटिन,

तुझं पत्र बाबांच्या नावाचं होतं. मी फोडलं. बाबा ऑक्टोबरच्या शेवटी गेले. तू रिगात बसून त्यांना उद्देशून गोड गोड वाक्यं जुळवत होतास, तेव्हा मी इथे त्यांना चमच्याने बार्लीची पेज भरवत होते. तुला कळवायला हवं होतं, हे खरं. पण हात उचलला नाही. घर सोडून दहा वर्षं झाली, आणि त्यात तुझं एकच पत्र आलं, तेही मला, तेही काहीतरी हवं होतं म्हणून. आता कळलं ना? वाटलं तर रड.

पुरताना गावच्या गायकवृंदाने बाबांचंच नव्वदाव्या स्तोत्राचं समूहगान म्हटलं. शेवटचा तो फ्यूगचा भाग आला, बाबा लहानपणी आपल्याला टेबलावर बोटं वाजवून शिकवायचे तो. एकाने सूर उचलायचा, दुसऱ्याने तोच घेऊन त्याच्या मागे लागायचं, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने, आणि कुणी कुणाला गाठायचं नाही. खालच्या आवाजांनी सुरुवात केली. मी बायकांच्या घोळक्यात तोंड मिटून उभी होते. बायकांनी गायचं नसतं, हे तुला नव्याने सांगायला नको. चौघांतला प्रत्येक आवाज मला पाठ आहे आणि माझ्या बापाच्या मातीला मला एक सूर देता आला नाही.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहितोस, "आपल्या नव्वदाव्या स्तोत्रावरून मी ऑर्गनसाठी जो फ्यूग केला, तो माझाच आहे आणि आपल्या संमतीने केला आहे, असं आपण लिहून द्यावं." ती ओळ मी वाचली आणि खुर्चीत बसले. तू केलास? वालेंटिन, हे तू कुणाला सांगत होतास? बाबांना? ते भिंतीपलीकडे झोपून असायचे आणि मी अलीकडे घरच्या छोट्या क्लॅव्हिकॉर्डच्या पट्ट्यांवर तो एकेक ओळ जुळवत होते. चुकले की भिंतीवर काठी आपटायचे. आख्खा हिवाळा ती काठी चालली होती.

तुला ठाऊक नसेल तर सांगते, तो मी कशासाठी केला. पुरायला गायकवृंद बोलवायचा तर सगळ्यांना परवडत नाही, हे तुला आठवत असेल. श्रीमंताच्या मागे आख्खी शाळा गात जाते, गरिबाच्या मागे एक मास्तर आणि दोन पोरं. विणकर ओटोची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तेवढंही आलं नाही. मला वाटलं, चार आवाज ऑर्गनवर घेता येतील. माणसं नसली तरी चार आवाज होतील. म्हणून केला. सात वर्षांपूर्वी तू मला लिहिलंस, "ताई, रिगात ऑर्गनवादकाची जागा निघाली आहे, परीक्षेत नवा फ्यूग वाजवावा लागतो, माझ्याकडे धड एकही नाही, बाबांच्या कपाटातलं काहीतरी गुपचूप पाठव." बाबांच्या कपाटाला मी हात लावला नाही. माझं होतं ते पाठवलं, आणि माझं आहे असंही लिहिलं. मिळालं की नाही, एवढंसुद्धा तू कळवलं नाहीस. जागा मिळाली हे आम्हाला एका लोकर विकणाऱ्याकडून कळलं.

तू तो स्वतःचा म्हणून वाजवलास, हे मला आज कळतंय. आणि आता आपल्याच वृंदात लहानपणी गायलेला तो बार्थेल हाझर्ट तिथे शाळामास्तर होऊन आला, त्याने चर्चमध्ये बसल्या बसल्या बाबांचं गाणं ओळखलं, आणि तू बापाची वस्तू चोरून जागा मिळवलीस असं सगळीकडे सांगत सुटला. चोरी त्याने बरोबर पकडली. घर मात्र चुकीचं धरलं.

काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

सिबिला

लिंडेरोडा, ८ जानेवारी १७४४

वालेंटिन,

या वेळचं पत्र माझ्या नावाचं आहे आणि त्यात सहा वेळा "ताई" आहे. बाबांबद्दल तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. त्या भांडणात तुझं सगळंच चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. त्यांचा हात उठला, तू निघून गेलास. पण नंतर ते दर रविवारी विचारायचे, "पोस्ट आली का?" आणि मी "नाही" म्हटलं की म्हणायचे, "रस्ते खराब असतील." उन्हाळ्यातसुद्धा म्हणायचे.

पुढचं तू लिहितोस, तिथली नगरसभा निकाल लावणार आहे. फ्यूग बाबांची वस्तू ठरला तर जागा जाईल, घर जाईल, बायको आणि तीन लेकरं रस्त्यावर येतील. म्हणून मी शपथेवर सांगावं की फ्यूग वालेंटिनचा. "तुझं त्यात काय जातं?" असं विचारलंस. अगदी साधेपणाने विचारलंस, म्हणून जास्त लागलं.

काय जातं ते सांगते. रिगाच्या सभेचं पत्र आपल्या पाद्री ग्लाझरांकडे पोचलं आहे. महिनाअखेरीस मला बोलावणार, बायबलवर हात ठेवून विचारणार. बाबांचा फ्यूग म्हटलं तर तू बुडतोस. तुझा म्हटलं तर मी देवासमोर खोटं बोलते. माझा म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, "तू ऑर्गन केव्हा वाजवलास?" आणि तिथे बाबा बुडतात. बाबांची बोटं तू गेल्यावर दुसऱ्याच वर्षी आखडली. सकाळी पेला धरता येत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक प्रार्थनेला ते वर ऑर्गनपाशी पुढे बसायचे, लोकांना त्यांचा केसांचा टोप दिसायचा, आणि कठड्यामागे मी वाजवायचे. फक्त ऑर्गनचा भाता ओढणाऱ्या कुंत्सला माहीत आहे. वादकाच्या माघारी घरच्यांना सहा महिने त्या घरात राहू देतात, ती सवलत बाबांच्या चांगल्या नावावर आहे. ते नाव गेलं की मी याच थंडीत बाहेर. म्हाताऱ्या कुंत्सला मी म्हटलं, मला बोलवलंय. तो म्हणाला, "सिबिलाबाई, एवढी वर्षं मी तोंड शिवून बसलोय. आता बोलायची सवय राहिली नाही. मला नका ओढू."

दुसरी गोष्ट. बाबांच्या जागी माणूस ठरला. झाइडलर नावाचा आहे, सव्वीस वर्षांचा, खांदे वाकलेले. परीक्षेत चांगला वाजवला. आणि इथली रीत तुला ठाऊकच आहे, जो ऑर्गनच्या बाकावर बसेल त्याने आधीच्या वादकाची बिनलग्नाची मुलगी पदरात घ्यायची. नगराध्यक्षांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी त्याला कोबी आणि सॉसेज वाढलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "रेबानबाई, मला सांगितलंय की बाकाबरोबर तुम्हीही."

"हो. आणि एक मांजर," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने दुसरंच काढलं. "बाकाखाली एक फ्यूग सापडला. कुणाचं नाव नाही. हात असे चालतात की मला घाम फुटला, पण खाली पायाने वाजवायच्या पट्ट्या जवळजवळ मोकळ्याच. इतका चांगला फ्यूग, आणि त्याला पाय नाहीत. ज्याने केला त्याच्या पायांना काही दुखापत होती का?"

"पायांना काही नव्हतं. पायांवर दोन परकर आणि लोकरीचा झगा होता," मी म्हटलं.

त्याने माझ्या झग्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "शेवटचा तो एक लांब खालचा सूर?"

"झगा एका हाताने वर धरून. तिथे डावा हात मोकळा आहे, बघा."

त्याने तिथेच टेबलावर बोटं ठेवली, मनातल्या मनात तो शेवट वाजवून बघितला आणि मान हलवली. वालेंटिन, माझं रचलेलं कुणी माझ्यासमोर असं वाचलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला रडू आलं आणि मी कोबी आणायला उठले.

तुझ्या मुलांचा विचार माझ्या मनात आहे. पण अजून काही बोलू नकोस.

सिबिला

लिंडेरोडा, ३ फेब्रुवारी १७४४

वालेंटिन,

झालं. सोबत पाद्रींच्या शिक्क्याचा कागद आहे, तो तुझ्या सभेला दे. तू वाचलास. कसा वाचलास ते मात्र तुला वाचावंच लागेल.

चर्चच्या मागच्या खोलीत पाद्री ग्लाझर, नगराध्यक्ष, दोन सभासद, लिहिणारा कारकून, आणि नवा वादक म्हणून झाइडलर असे बसले होते. बायबल पुढे केलं. मी हात ठेवला.

पाद्रींनी विचारलं, "सिबिला पोरी, हा फ्यूग तुझ्या वडिलांनी केला का?"

"गाणं त्यांचं. फ्यूग त्यांनी केला नाही."

"मग वालेंटिनने?"

आदल्या रात्रीपर्यंत मला वाटत होतं, "हो" म्हणेन. तुझ्या धाकट्याचं नावसुद्धा मला माहीत नाही, पण त्याच्यासाठी म्हणेन असं वाटत होतं. तोंड उघडलं आणि निघालं ते हे, "नाही. मी केला."

कारकुनाने लेखणी वर धरली आणि पाद्रींकडे बघितलं. पाद्री पुढे झुकले. ते वाईट माणूस नाहीत, बाबांच्या शेवटच्या दिवशी तासभर हात धरून बसले होते. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भावासाठी तुझा जीव तुटतो, ते आम्हाला समजतं. पण शपथ घेतली आहेस."

"म्हणूनच खरं सांगते."

"बाईमाणसाने फ्यूग? आणि वाजवलास कुठे? स्वयंपाकघरात?" नगराध्यक्ष म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. बाबांची बोटं, कठडा, रविवार, पुरणं, सगळं. मनात म्हटलं, बाबा, माफ करा. घर जाणार याची मी तयारी ठेवली होती, भांडी बांधून ठेवली होती.

नगराध्यक्ष हसायला लागले. रागाने नाही, खरंच मजा वाटून. "मी बावीस वर्षं दर रविवारी पुढच्या रांगेत बसतो. बाई वाजवत असती तर मला कळलं नसतं? गेल्याच वर्षी कापणीच्या प्रार्थनेनंतर मी स्वतः रेबानला म्हटलं, म्हातारपणी तुझा हात आणखी खुलतोय."

ते बाबांनी मला घरी येऊन सांगितलं होतं. आम्ही दोघं तेव्हा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो होतो. त्या खोलीत मला हसू आलं नाही.

झाइडलर उठला. चाचरत म्हणाला, "त्यांना वाजवू द्या. वर ऑर्गन आहे, कुंत्स आहे. ऐकून बघा."

सभासद कुरकुरले, पण पाद्री हो म्हणाले. आम्ही सगळे जिना चढलो. कुंत्सने मला बाकावर बसताना बघितलं, इतक्या माणसांदेखत, आणि टोपी काढून छातीशी धरली. मग भात्याला लागला. मी वाजवला. पहिल्यांदाच कठड्याआड न लपता वाजवला. खालचा आवाज आला, मग त्याच्या मागे दुसरा, आणि मला पुरायच्या दिवशी देता आला नव्हता तो सूर मी आता देत होते, चारही आवाजांत. शेवटी झगा वर धरून डावा पाय त्या खालच्या पट्टीवर ठेवला आणि भात्यातला वारा संपेपर्यंत उचलला नाही.

पाद्रींनी डोळे पुसले. नगराध्यक्ष म्हणाले, "सुरेख वाजवते. बापाने पोरीला शिकवलं खरं."

"मग?" झाइडलरने विचारलं.

"मग काय? वाजवणं वेगळं, रचणं वेगळं. माझी मुलगीसुद्धा क्लॅव्हिकॉर्ड वाजवते."

"पायांकडे बघा ना. पाय का नाहीत ते बघा."

"तेच तर मी म्हणतोय," पाद्री म्हणाले. "रेबानसारख्या जाणत्या माणसाने पाय असे रिकामे सोडले नसते. हे त्याचं नाही, एवढं पोरगी खरं बोलते. कुण्या शिकाऊ शिष्याचं काम असावं."

कारकुनाने ते तसंच लिहून घेतलं. कागदावर असं आहे: समूहगान कै. रेबान यांचे, ऑर्गनसाठीचा फ्यूग त्यांचा नव्हे, असे कन्येने शपथेवर सांगितले, रचनाकार अनिश्चित, बहुधा त्यांचा एखादा शिष्य. बाबांचा शिष्य म्हटल्यावर रिगाचे लोक तुझ्याशिवाय कुणाचं नाव घेतील? मी म्हटलं, माझं म्हणणंही लिहा. पाद्री म्हणाले, "पोरी, ते आम्ही तुझ्याच भल्यासाठी लिहीत नाही."

घर गेलं नाही, कारण कुणाला ते खरंच वाटलं नाही. बाबांचं नाव जसंच्या तसं आहे. जाताना नगराध्यक्ष मला म्हणाले, "भाऊ असावा तर असा, ज्याला तुझ्यासारखी बहीण आहे." मी घरी आले, बांधलेली भांडी सोडली आणि मांडणीवर लावली. मग जमिनीवर बसून खूप रडले. मी खोटं बोलले असते तर निदान मला माहीत असतं की मी तुझ्यासाठी काही दिलं. मी खरं बोलले आणि त्यांनी ते माझ्या हातातून काढून तुला दिलं.

झाइडलरला मी होकार दिला. आवडतो का, विचारू नकोस. तो ऐकतो, आणि मला या वयात तेवढं पुष्कळ आहे.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. तुझ्या सभेला काही सांगू नकोस, मुलांच्या तोंडचा घास मला काढायचा नाही. फक्त मला लिही. एक ओळ लिही: ताई, तो तुझा आहे. जगात हे झाइडलर आणि कुंत्सशिवाय तुलाच माहीत आहे, आणि तुझ्या हातची ती ओळ मला हवी आहे.

सिबिला

लिंडेरोडा, २० एप्रिल १७४४

वालेंटिन,

तुझं पत्र ईस्टरनंतर आलं, लग्नाच्या आदल्या दिवशी. शिंप्याची बाई झग्याला टाके घालत होती आणि मी उभ्या उभ्या वाचलं. प्रकरण मिटलं, हाझर्टने सगळ्यांसमोर माफी मागितली, जागा कायम झाली, हे वाचून मला बरं वाटलं. खरंच वाटलं. धाकट्याचं नाव योस्ट आहे हेही कळलं. तू पाठवलेला अंबरचा मणी पोचला. सुंदर आहे.

पत्र मी दोन्ही बाजूंनी वाचलं. कडेचं वाचलं. मी मागितलेली ओळ त्यात नाही.

त्याऐवजी तू लिहितोस, आता रिगातले लोक दुसरा फ्यूग मागतात, "बाबांच्या गाण्यांवरून आणखी एखादा ऑर्गनवर बसवलेला असेल तर ताई, पाठव ना." जेवताना मी ते वाचून दाखवलं तेव्हा झाइडलरने काटा खाली ठेवला. तो सहसा कुणाला नावं ठेवत नाही, पण म्हणाला, "तुझा भाऊ कबूल काही करत नाही, पण मागायला बरोबर पत्त्यावर येतो." मला राग यायला हवा होता. आला नाही. फार वाईट वाटलं, आणि मग तेही ओसरलं.

तर ऐक. दुसरा आहे. याच लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, पुरा केला. झाइडलरने मला त्याची जुनी विजार कापून दिली आहे, संध्याकाळी चर्चला कुलूप लागलं की मी ती घालून बसते, त्यामुळे यात पायांना भरपूर काम आहे. वर मी माझं नाव घातलं आहे, लग्नाआधीचं, सिबिला रेबान. पेंटेकॉस्टच्या सणाला झाइडलर तो लोकांसमोर वाजवणार आणि कुणाचा आहे ते सांगणार. लोक म्हणतील, नवऱ्याने लाडाने बायकोचं नाव घातलं. म्हणू देत. तो मी तुला पाठवणार नाही. यात सूड नाही, एवढा विश्वास ठेव. माझा आहे म्हणून पाठवत नाही.

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती तू गंमत म्हणून लिहिलीस. थोरली रेगिना सहा वर्षांची आहे, तू बाहेरून येणाऱ्या पोरांना शिकवायला बसलास की दाराशी येऊन उभी राहते, त्यांच्या आधी सूर ओळखून मोठ्याने सांगते, आणि तिला हाकलून हाकलून तू थकलास. हे वाचलं आणि मी झग्याचे टाके तसेच सोडून बसून राहिले.

वालेंटिन, तिला हाकलू नकोस. आत बोलव आणि बाकावर बसव. पोरं हसतील तर पोरांना बाहेर काढ. आज ना उद्या ती काहीतरी जुळवून तुझ्यापुढे आणेल, वेडंवाकडं असेल, चुका असतील. तेव्हा लेखणी घे आणि तिच्यादेखत, तुझ्या हाताने, वरती तिचं नाव लिही. माझ्यासाठी तुला ते लिहिता आलं नाही. तिच्यासाठी लिही.

सिबिला